जुना फोन आणि चार मते

गेल्या वर्षी गणपतीसाठी आम्ही सारी भावंडे आजोळी जमलो होतो. मखराचा कागद कापावयास कात्री हवी होती, म्हणून माझ्या मामेबहिणीने मामांच्या टेबलाचा खण उघडला. कात्री सापडली नाही. पण एक जुना फोन मात्र तिच्या हाती लागला. त्याच्या वरच्या निम्म्या भागात पडदा होता आणि खालच्या निम्म्या भागात डाळिंबाच्या दाण्यांसारख्या खेटून बसलेल्या काळ्या, बारीक कळांच्या ओळी होत्या. प्रत्येक कळेवर एक इंग्रजी अक्षर छापलेले होते.

“बाबा, हा तर एखाद्या वस्तुसंग्रहालयात शोभेल!” बहीण हसत म्हणाली.

मामांनी तो फोन तिच्या हातून घेतला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि ते गंभीरपणे म्हणाले, “खुशाल हसा. पण लिहिण्यासाठी याच्यासारखा फोन पुन्हा झाला नाही.”

झाले! मखर बाजूला राहिले आणि वाद सुरू झाला. त्या वेळी खोलीत आजी होती, मामांचे एक दृष्टिहीन स्नेही होते आणि आम्ही मुलेही होतो. वस्तू एकच, पण तिच्याविषयी घटकाभरात चार मते ऐकावयास मिळाली, आणि नवल असे की त्यांपैकी एकही खोटे नव्हते. असे कसे झाले, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम या फोनाची थोडी ओळख करून घेऊ. कॅनडा देशाच्या ऑन्टेरिओ प्रांतात वॉटर्लू नावाचे गाव आहे. तेथे 1984 साली माइक लाझारिडिस आणि डग्लस फ्रेगिन या दोन तरुणांनी ‘रिसर्च इन मोशन’ नावाची कंपनी काढली. या कंपनीने 1999 मध्ये तळहातावर मावणारे एक यंत्र विकावयास आणले. त्याचे नाव ‘ब्लॅकबेरी’. त्यावर ई-मेल, म्हणजे संगणकावर येणारी पत्रे, चालता-बोलता वाचता येत आणि तेथल्या तेथे त्यांना उत्तरही देता येई. 2002 साली या यंत्राने फोनही करता येऊ लागला. संगणकाच्या कळफलकावर आपण दहाही बोटे चालवितो. येथे मात्र यंत्र दोन्ही हातांत धरून केवळ दोन अंगठ्यांनी लिहावयाचे होते. पुढे जगभरचे अधिकारी, व्यापारी आणि वार्ताहर यांच्या हाती हा फोन दिसू लागला. 2009 साली अमेरिकेचे अध्यक्षपद स्वीकारतानाही बराक ओबामा यांनी आपला ब्लॅकबेरी सोडण्याचे नाकारले, ही गोष्ट त्या काळी फार गाजली होती.

आता मामांचे मत ऐका. मामा अनेक वर्षे एका इंग्रजी दैनिकाचे बातमीदार होते. सभा, मोर्चे, न्यायालये यांतून फिरताना बातमी लिहून ताबडतोब धाडणे हे त्यांचे काम. ते म्हणाले, “वक्ता बोलत असताना माझी दृष्टी त्याच्याकडे असे आणि अंगठे या कळांवर. फोनाकडे पाहण्याची मला गरजच पडत नसे. एस. टी.च्या मागच्या आसनावर बसून, धक्के खात मी यावर बातम्या लिहिल्या आहेत. काचेवर असे लिहून दाखवा पाहू!”

मामांच्या बोलण्यात तथ्य होते. कळेला कडा असते, उंचवटा असतो. ती दाबली की किंचित खाली जाते आणि आपले काम झाल्याची वर्दी बोटाला देते. या जातीच्या काही फोनांत तर कळांच्या दोन ओळींमध्ये धातूची बारीक पट्टी बसविलेली असे. सतारीच्या दांडीवरील पडदे जसे वादकाच्या बोटाला जागा दाखवितात, तशीच ही पट्टी अंगठ्याला ओळ दाखवी. पेटी वाजविणारा पट्ट्यांकडे टक लावून पाहत बसत नाही. त्याची बोटे जागा ओळखतात. मामांचे अंगठेही तसेच तयार झाले होते. तुम्हांला याची प्रचीती घ्यावयाची असेल, तर शाळेतील संगणकाच्या कळफलकावर डोळे मिटून बोट फिरवा. ‘एफ’ आणि ‘जे’ या दोन कळांवर बारीक उंचवटे लागतील. डोळ्यांवाचून बोटांना आपले घर सापडावे, एवढ्यासाठीच ते असतात.

“आणि दुसरी गोष्ट,” मामा पुढे म्हणाले, “मी जे अक्षर दाबले, तेच उमटत असे. ही काच मात्र माझ्या मनातले ओळखावयास जाते आणि भलताच शब्द लिहून मोकळी होते!”

माझी बहीण महाविद्यालयात शिकते. तिने शांतपणे विचारले, “बाबा, तुम्ही दिवसातून किती वेळ लिहीत होता? उरलेल्या वेळी या कळा काय करीत होत्या?”

हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. 9 जानेवारी 2007 रोजी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात स्टीव्ह जॉब्स यांनी आयफोन प्रथम जगासमोर आणला, तेव्हा त्यांनी हाच मुद्दा मांडला होता. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की कळा एकदा बसविल्या की त्या कायमच्या बसल्या. त्यांची गरज असो वा नसो, त्या आपली जागा अडवूनच राहतात. प्रत्येक कामाला मात्र निराळ्या कळा सोयीच्या असतात. मग कळा काढून टाकून सारा दर्शनी भाग काचेचा का करू नये? लिहावयाचे असेल तेव्हा त्या काचेवर कळफलक उमटावा. काम संपताच तो नाहीसा व्हावा आणि त्या जागी नकाशा, चित्र किंवा पुस्तकाचे पान यावे. बहिणीचा अभ्यास, तिचे नकाशे, तिची छायाचित्रे या साऱ्यांना मोठा पडदा लागतो. अर्धी जागा कळांना देऊन टाकणे तिला परवडणारे नव्हते. तेव्हा तिचेही मत तिच्या कामातून आलेले होते.

वाद असा रंगात आला असता आजी, जी इतका वेळ दूर्वा निवडीत बसली होती, तिने मान वर केली. ती मामांना म्हणाली, “अरे, तुझा फोन चांगला असेलही. पण त्यावर माझे एकही अक्षर नव्हते.”

आम्ही सारे एकदम गप्प झालो.

आजीचे शिक्षण मराठी चौथीपर्यंत झालेले. मराठी पोथ्या आणि वर्तमानपत्रे ती रोज वाचते. परंतु इंग्रजी अक्षरांशी तिची कधी गट्टी जमली नाही. मामांचा तो फोन घरात होता तेव्हा माझी आई दूर गुजरातेत बडोद्याला राहत असे. आजीला लेकीला दोन ओळी कळवावयाच्या असत, तेव्हा ती मामांना मजकूर सांगे, आणि मामा घाईघाईने तो इंग्रजी अक्षरांत लिहून धाडीत. लेकीपाशी बोलावयाच्या साऱ्याच गोष्टी लेकाच्या तोंडून थोड्याच बोलता येतात? पुष्कळ गोष्टी मनातच राहत. पुढे काचेचा फोन आला. नातीने त्यावर देवनागरी कळफलक आणून दिला. आजीने एका बोटाने, अक्षर-अक्षर शोधून, ‘चि. सौ. ताईस अनेक आशीर्वाद’ एवढे लिहावयास अर्धा तास घेतला. पण ते तिने स्वतः लिहिले. आता ती रोज सकाळी आईला लिहिते, आणि काय लिहिते ते आम्हांला कोणालाही सांगत नाही.

या ठिकाणी थोडा विचार करू. अमेरिकेत क्रिस्टोफर शोल्स यांनी आपल्या सहकाऱ्यांसह टंकलेखन यंत्र तयार केले आणि ते 1874 साली विक्रीस आले. त्या यंत्रामागोमाग रूढ झालेला इंग्रजी अक्षरांचा क्रमच थोड्या फरकाने संगणकाने घेतला आणि मामांच्या फोनानेही घेतला. तो क्रम इंग्रजी लिहिणाऱ्यांसाठी होता. त्यात मराठीचा विचार कोठून असणार? आपल्या वर्णमालेत पन्नासच्या आसपास वर्ण आहेत; शिवाय काना, मात्रा, वेलांट्या, उकार आणि जोडाक्षरे. तीस-पस्तीस बारीक कळांवर हा सारा संसार मांडणे सोपे नव्हे. प्लॅस्टिकवर छापलेले अक्षर बदलत नाही. काचेवरचे अक्षर मात्र क्षणात रोमन, क्षणात देवनागरी, तर क्षणात उर्दू होते. मामांना जो बदल अडचणीचा वाटला, त्यानेच आजीसाठी दार उघडले होते.

चौथे मत मामांच्या स्नेह्यांचे. ते दृष्टिहीन आहेत आणि एका महाविद्यालयात इतिहास शिकवितात. आम्हांला वाटले, ते नक्की कळांच्या बाजूने बोलणार. आणि प्रारंभ त्यांनी तसाच केला. “कळांचा फोन मला बोटांनी पाठ झाला होता,” ते म्हणाले. “काचेचा फोन प्रथम हातात घेतला, तेव्हा दारे-खिडक्या नसलेल्या भिंतीवरून हात फिरवीत आहे, असे मला वाटले. आता आपण बाहेर पडलो, असे मी मनाशी म्हटले.” पण गोष्ट तेथेच थांबली नाही. 2009 साली आयफोनमध्ये ‘व्हॉइसओव्हर’ नावाची सोय आली. काचेवर बोट ठेवले की त्या जागी काय आहे, ते फोन बोलून सांगू लागला. इतर फोनांतही अशा सोयी आल्या. “आज माझे लिहिणे पूर्वीपेक्षा हळू झाले आहे, हे खरे,” ते म्हणाले, “परंतु सकाळचे वर्तमानपत्र मी आता कोणाची वाट न पाहता वाचतो. माझ्या बोटांना कळा हव्याशा वाटतात आणि कानांना ही बोलकी काच. मग मी मत तरी कोणाला द्यावे?”

मुलांनो, या चार मतांपैकी खरे कोणते? मला वाटते, चारही खरी आहेत. कारण प्रत्येकाने आपल्या अनुभवाची साक्ष दिली आहे. चूक होते ती पुढच्या पायरीवर. ‘हा फोन माझ्या कामाला फार चांगला होता’ असे म्हणणे ही साक्ष झाली. ‘याच्यासारखा फोन पुन्हा झाला नाही’ असे म्हणणे हा निवाडा झाला. साक्ष एकट्याची असू शकते. निवाडा करण्यापूर्वी मात्र इतरांच्या साक्षी ऐकाव्या लागतात.

हा भेद मोठमोठ्यांच्याही ध्यानात राहत नाही. 2012 साली ब्लॅकबेरी वापरणाऱ्यांची संख्या जगभर सुमारे 8 कोटी होती. इतक्या माणसांची पसंती खोटी कशी म्हणावी? परंतु त्याच्या कितीतरी पट माणसे या 8 कोटींच्या बाहेर होती. कोणाला मोठा पडदा हवा होता, कोणाला निराळी लिपी हवी होती, कोणाला फोनावर नवनवी कामे करावयाची होती. कंपनीने काचेचे फोन करून पाहिले नाहीत असे नाही. 2008 मध्ये तिने तसा एक फोन काढला, 2013 मध्येही काढले. पण तोवर लोक दुसरीकडे वळले होते. 2016 मध्ये आपले फोन आपण घडविणे बंद करीत असल्याचे तिने जाहीर केले आणि 4 जानेवारी 2022 रोजी त्या जुन्या फोनांना आधार देणारी सेवाही थांबली. या ऱ्हासाची कारणे अनेक आहेत; सारा दोष कळांच्या माथी मारणे योग्य होणार नाही. तरीही एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. वस्तू वापरणाऱ्यांची मते विचारली, म्हणजे सर्वांची मते विचारली, असे होत नाही. ज्यांना ती वस्तू वापरताच आली नाही, त्यांचे मत त्या मोजणीत येतच नाही. आमच्या आजीला तो फोन कसा वाटतो, हे त्या दिवसापर्यंत कोणी विचारलेच नव्हते.

म्हणून कोणत्याही वस्तूविषयी कोणी मत सांगू लागला, की आपण मनाशी काही प्रश्न विचारावेत. हा मनुष्य त्या वस्तूकडून कोणते काम घेतो? त्याने ती किती दिवस वापरली आहे? त्याचे काम आणि माझे काम एकच आहे काय? आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा, की ज्याला बोलण्याची संधीच मिळाली नाही, असा कोणी मागे राहिला आहे काय?

याचा अर्थ जुन्याला हसावे असा मात्र नव्हे. न पाहता लिहिण्याचे मामांचे सुख खरे होते, आणि ते गेले, ही हानीही खरी आहे. नवी वस्तू जुनीच्या जागी येते तेव्हा ती जुनीचे सारेच गुण बरोबर घेऊन येत नाही. काय मिळाले हे जसे मोजावे, तसेच काय हरवले हेही मोजावे. म्हणजे उद्या कोणी आणखी चांगली वस्तू घडवावयास बसला, तर हरवलेले परत आणण्याचे त्याला सुचेल. कोणी सांगावे, तो घडविणारा तुमच्यापैकीच एखादा असेल!

त्या दिवशी वाद मिटला नाही; पण मामा बराच वेळ हातातल्या फोनाकडे पाहत राहिले. मग ते आजीला म्हणाले, “आई, खरे आहे तुझे. इतकी वर्षे हा माझ्या खिशात होता. पण एकदाही मी तो तुझ्या हातात दिला नाही.”

आजी हसली. तिने तो फोन हातात घेतला, कळांवरून अंगठा फिरविला आणि म्हणाली, “लागतो मात्र छान हो बोटांना!”

मग तिने कात्री कोठे आहे ते सांगितले आणि आम्ही पुन्हा मखराच्या कामाला लागलो.