‘सारखे’ दिसले की उपमा?

गेल्या सुट्टीत भोपाळातील एका स्नेह्यांच्या घरी परीक्षेची तयारी करीत बसलेल्या त्यांच्या मुलास आम्ही सहज एक वाक्य घातले : ‘पाळण्यातले मूल सारखे रडत होते.’ ह्यात अलंकार कोणता? क्षणाचाही विलंब न लागता उत्तर आले, ‘उपमा!’ कारण विचारता तो म्हणाला, ‘ “सारखे” आहे ना, काका!’

हसून सोडून देण्याजोगी ही गोष्ट नव्हे. ह्या मुलाच्या कानांवर शाळेत हिंदीतून ‘सा, सी, से’ पडते, घरी मराठीतून ‘सम, समान, सारखा, परी’. आणि दोन्ही भाषांतील मार्गदर्शक पुस्तके त्यास एकच शिकवतात की, खुणेचा शब्द हुडकावा आणि गुण पदरात पाडून घ्यावेत. ‘जणू’, ‘गमे’, ‘भासे’ आढळले की उत्प्रेक्षा. आतला मजकूर न वाचता केवळ मुद्रांक पाहून दस्तऐवज खरा ठरवणारा कारकून आणि हा विद्यार्थी ह्यांत आम्हांस तरी अंतर दिसत नाही. मात्र दोष मुलाचा नव्हे.

प्राचीन आलंकारिकांस हा धोका पुरता ठाऊक होता. ‘गवय हा गाईसारखा असतो’ ह्या नैयायिकांच्या प्रसिद्ध वाक्यात उपमेय आहे, उपमान आहे, ‘सारखा’ही आहे; तरी तो अलंकार नव्हे. त्या वाक्याने रानातले जनावर ओळखता येते, मन मात्र जागचे हलत नाही. भोपाळकरांस तर ह्यासाठी दूर जाण्याचेही कारण नाही. शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर बेतवेच्या परिसरात भोजपूर आहे; तेथील अपुरे राहिलेले शिवमंदिर परंपरा ज्याचे मानते, त्या परमार भोजाने अकराव्या शतकात ‘सरस्वतीकंठाभरण’ रचले. याद्या करण्यात त्याचा हात कोण धरणार? शब्दालंकार २४, अर्थालंकार २४, उभयालंकार २४! पण हाच यादीप्रिय राजा असेही सांगतो की प्रसंगविशेषी दोषाचाही गुण होतो. पुनरुक्ती हा एरवी दोष. करुणेने व्याकुळ झालेल्याच्या तोंडी तीच शोभते. आमच्या मार्गदर्शककारांनी याद्या तेवढ्या उचलल्या, प्रसंग टाकून दिला.

आता रूपक घ्या. ज्ञानेश्वरीच्या आरंभीचा गणेश आपल्या देवळांतून किती वेळा वाचला जातो! तेथे सारे वाङ्मय गणेशाची मूर्ती झाले आहे. स्मृती हे त्याचे अवयव, अठरा पुराणे हे अलंकार, सहा दर्शने हे सहा हात. काव्ये आणि नाटके ह्या कमरेच्या घागऱ्या, आणि त्यांतून निघणारा अर्थ हा त्यांचा नाद. ‘रूपक, कारण उपमेय व उपमान ह्यांत अभेद आहे’ एवढे लिहून विद्यार्थी मोकळा होतो. परंतु हात सहा आणि प्रत्येकातले आयुध निराळे, परस्परांशी न जुळणारी मते एकाच देहाला मात्र जडलेली, हे का? तर्काच्या हाती परशू आणि वेदान्ताच्या हाती मोदक, हे का? हे प्रश्न ज्यास कोणी विचारले नाहीत, त्याने ते रूपक वाचले असे आम्ही म्हणणार नाही.

‘अहो, परीक्षेत एवढा वेळ कोठून आणावा? शिवाय पुढे ह्याचा उपयोग काय?’ असा आक्षेप येतो. पहिल्या भागाचे उत्तर परीक्षा घेणाऱ्यांनी द्यावे. दुसऱ्याचे उत्तर आमच्या व्यवसायात आहे. देवळातील मूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे. ती मालमत्ता धारण करते, दावा लावते. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने तर मूर्ती कोठे असावी ह्याविषयी तिची इच्छा मानली पाहिजे आणि तिची बाजू निःस्वार्थ माणसाने मांडावी, असे म्हटले. ह्याच मध्य प्रदेशातील देवस्थानांच्या जमिनींविषयी ६ सप्टेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला : जमिनीची मालक देवता, महसुली दप्तरात मालकाच्या रकान्यात नाव तिचेच, पुजारी हा व्यवस्था पाहणारा. आणि देवस्थान शासनाकडे निहित नसेल तर व्यवस्थापक म्हणून जिल्हाधिकाऱ्याचेही नाव लावता येणार नाही. देवतेला व्यक्ती म्हणणे हे रूपक नव्हे तर काय? ते कोठवर ताणावयाचे आणि कोठे थांबवावयाचे, ह्यावर शेते कोणाच्या नावावर राहतात हे ठरते. भाविकांनी दान दिलेल्या जमिनी परस्पर विकल्या जातात की वाचतात, हेही त्यावरच.

हे सारे त्या मुलास सांगितले तेव्हा त्याने वही मिटली आणि विचारले, ‘मग काका, कागदावर देवाची सही कोण करतो?’ त्याचे वडील म्हणाले, ‘हे परीक्षेत येत नाही.’ आम्ही मात्र खुर्ची पुढे ओढली.