गाडीतील तिसरी रांग

पेणच्या बाजारपेठेतून भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्राकडे निघणाऱ्या गाड्या पाहिल्या, तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. गाडी सात आसनांची असते. माणसे मात्र तिच्यात पाचच बसलेली असतात. मागची तिसरी रांग दुमडून तेथे चाकांच्या बॅगा, पाण्याचे जार, शेगडी, चटया आणि डब्यांच्या पिशव्या पार छतापर्यंत रचलेल्या असतात. घरी मागे राहते ती आजी. तिला प्रवासाची दगदग सोसत नाही, असे सांगितले जाते आणि तीही ते मुकाट्याने मान्य करते. वास्तविक पेणहून अलिबाग सुमारे ३० किलोमीटर. एवढीही दगदग जिला सोसत नाही म्हणतात, ती बाई पर्युषणाचे आठही दिवस सकाळ-संध्याकाळ उपाश्रयाचे जिने चढलेली असते.

व्यापारी कुटुंबाच्या वाट्याला सुट्टी येते ती मुळात फार थोडी. लक्ष्मीपूजनापर्यंत गल्ल्यावरून उठता येत नाही आणि लाभपंचमीला मुहूर्ताने पेढी उघडायची असते. भाऊबीज आटोपली की मध्ये तृतीया आणि चतुर्थी, एवढेच दोन दिवस हाती उरतात. पेणची मंडळी वडखळ, पोयनाड, कार्ले खिंड असे करीत अलिबाग किंवा त्याच्या पुढचे नागाव गाठतात. रोह्याची मंडळी रेवदंड्याकडे अथवा मुरूड-काशीदकडे वळतात. रोह्याला लागून वाहणारी कुंडलिकाच रेवदंड्यास समुद्राला मिळते, इतका हा समुद्र घरचा आहे. तरीही सामान असे बांधले जाते की पाहणाऱ्याला वाटावे, बिऱ्हाडच हलले.

याचे नवल अशासाठी, की हीच माणसे दुकानात साठ्याच्या बाबतीत अत्यंत काटेकोर असतात. गणेशोत्सवासाठी भरलेला माल अनंत चतुर्दशीनंतर उरला, तर तो वर्षभर जागा आणि भांडवल दोन्ही अडवून बसतो, हे पेणच्या व्यापाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. पडून असलेला माल जागेचे भाडे खातो आणि गुंतलेल्या रकमेचे व्याजही खातो. हे ज्याला तोंडपाठ आहे, तोच गृहस्थ घरी बॅग भरताना ‘असू द्या, कुठे डोक्यावर घ्यायचे आहे’ असे म्हणून मोकळा होतो. बॅगेतून जशीच्या तशी परत येणारी चौथी साडी कोणत्याच खात्यावर नावे पडत नाही, म्हणून ती फुकट वाटते. तिची किंमत आजीच्या आसनाने चुकती होत असते.

पेणमधील एका किराणा व्यापाऱ्याच्या घरी हा हिशेब प्रथम मांडला तो थोरल्या सुनेने. (सामान भरण्याचे काम बहुतेक घरांत सुनाच करतात, पुरुषांचा सहभाग ते गाडीत चढवताना त्रागा करण्यापुरता असतो.) आदल्या वर्षी नागावहून परतल्यावर तिने बॅगा रिकाम्या करताना दोन ढीग केले. एक वापरलेल्या वस्तूंचा, दुसरा न वापरलेल्या. दुसरा ढीग मोठा निघाला. इस्त्रीची घडीही न मोडलेले कपडे, पाहुण्यांकडे जावे लागले तर म्हणून घेतलेल्या साड्या, पाचांसाठी आठ टॉवेल, दोन ब्लँकेटे, एकदाही न पेटवलेली शेगडी आणि तिच्यासाठी घेतलेला कुकर. तिने दुकानातील एक कोरी वही घेतली आणि मालाची यादी लिहावी तशी सगळी यादी लिहून काढली. पुढे दोन रकाने आखले: ‘लागले’ आणि ‘लागले नाही’. वही कपाटात ठेवली. घरात त्या वेळी कोणी काही बोलले नाही.

यंदा दिवाळीच्या आधी ती वही बाहेर आली. पहिला निर्णय असा झाला, की गाडीची तिसरी रांग दुमडायची नाही. सात माणसांची सातही आसने उघडी राहतील आणि त्यांच्यामागे जी वीतभर जागा उरते, तिच्यात मावेल तेवढेच सामान न्यायचे. सामान आधी ठरवून मग माणसे बसवण्याची रीत उलटी केली, इतकेच. पुढचे निर्णय त्यातून आपोआप निघत गेले. चाकांच्या कडक बॅगा त्या जागेत बसत नाहीत, त्यामुळे त्या बाद झाल्या. दाबल्यावर दबणाऱ्या कापडी पिशव्या आल्या, प्रत्येकाची एक. दहा वर्षांच्या नातीलाही स्वतःची पिशवी मिळाली आणि ती स्वतः उचलण्याची अटही.

कपडे किती घ्यावेत यावर घरात वाद होण्याची चिन्हे होती. तो मिटला आजीमुळे, आणि तिने काही न बोलता. ती रोज सकाळी चौदा नियम धारण करते. त्यांत वस्त्रे किती, पादत्राणे किती, वाहने किती, शयनाची साधने किती, हे त्या दिवसापुरते मोजून घ्यायचे असते. सुनेने सहज विचारले, “मम्मी, उद्या तुम्ही किती वस्त्रे धरणार?” उत्तर आले, त्याप्रमाणे आजीची पिशवी भरली: अंगावरचे सोडून दोन साड्या, एक शाल, सामायिकाचे कटासणे, चरवळा आणि मुहपत्ती, चष्मा, औषधे. घरातील सर्वांत लहान पिशवी ती ठरली. ती पाहिल्यावर धाकट्या मुलाने आपल्या पिशवीतून बुटांचा दुसरा जोड निमूटपणे काढून ठेवला.

याच पेण तालुक्यातील गागोदे येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले. १९५१ मध्ये भूदानयात्रा सुरू करून पुढची कित्येक वर्षे त्यांनी देशभर पायी काढली. विहार करणारे साधू-साध्वी तर आपला सारा संसार खांद्यावर घेऊन महामार्गाच्या कडेने जाताना दरवर्षी दिसतातच. गृहस्थाने त्यांच्याशी बरोबरी करू नये. मात्र सहलीला निघालेल्या कुटुंबाला शेगडी लागतेच, हे म्हणणे त्यांच्या शेजारून गाडी हाकताना थोडे अवघड वाटावे.

शेगडीच्या बाजूने नेहमी एक सबब पुढे केली जाते. आपले आहाराचे नियम कडक, म्हणून सामान वाढते. ही सबब तपासून पाहण्यासारखी आहे, कारण नियम नीट वाचले तर ते नेमके उलट सांगतात. पोळी, भात, ओलसर थेपले हे रात्र उलटली की चालत नाहीत. मग दोन दिवसांचे थेपले करून नेण्यात अर्थच उरत नाही. खाखरा, सुखडी, शेव असे कोरडे पदार्थ तेवढे न्यायचे. श्वेतांबर घरांत त्यांची मर्यादा हिवाळ्यात ३० दिवस, उन्हाळ्यात २० आणि चातुर्मासात १५ दिवस धरतात. कार्तिकी चौदस अजून यायची असल्याने दिवाळीच्या दिवसांत १५ दिवसच मोजायचे. दिगंबर घरांत मर्यादा निराळ्या आहेत. पाण्याचेही तसेच. उकळलेल्या पाण्याची मर्यादा चातुर्मासात तीन प्रहरांची, म्हणजे साधारण नऊ तासांची. पेणला पहाटे उकळून जारमध्ये भरलेले पाणी संध्याकाळच्या आत मर्यादेबाहेर जाते. ते वाहून नेण्यापेक्षा मुक्कामी उकळून घेणे नियमाला धरून आहे आणि गाडीलाही सोयीचे. या कुटुंबाने स्टीलचा एक जग आणि विजेची एक किटली नेली. दोन्ही जार घरीच राहिले.

स्वयंपाकाचे सामान टाळायचे, तर मुक्कामाचे घर विचारपूर्वक निवडावे लागते, हे मात्र मान्य केले पाहिजे. किनाऱ्यावरच्या पुष्कळ घरगुती निवासांत मासळी शिजते. त्यामुळे पोहण्याचा तलाव आहे का, हा प्रश्न मागे ठेवून स्वयंपाकघर कसे आहे, हा प्रश्न आधी विचारायला हवा. सुनेने तीन-चार ठिकाणी फोन केले. केवळ शाकाहारी स्वयंपाक करणारे एक घर मिळाले. कांदा, लसूण, बटाटा आणि इतर कंदमुळे नकोत, संध्याकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी हवे, आणि सकाळी नवकारसीनंतर नाश्ता, एवढे तिने स्पष्ट सांगितले. वाडीतील यजमानीणबाईंनी दोनच प्रश्न विचारले: केळफूल चालते का, आणि दुधी चालतो का? दहा मिनिटांच्या त्या बोलण्याने शेगडी, कुकर, मसाल्याचा डबा, डाळ-तांदूळ आणि भांडी घासण्याचे साहित्य एवढे सामान कमी झाले. शिवाय दोन सुनांची सुट्टी ही खरोखरच सुट्टी झाली, हा लाभ कोणत्याही यादीत न मावणारा.

एक अडचण मात्र समुद्रकिनाऱ्यावरच उद्भवते. तेथील सर्वांत रम्य वेळ सूर्यास्ताची आणि चौविहार करणाऱ्यांची जेवणाची वेळ त्याच्या आधीची. दिवाळीच्या सुमारास सूर्य सहा-सव्वासहाला मावळतो. खोलीवर जेवत बसले तर सूर्यास्त हुकतो आणि सूर्यास्त पाहत बसले तर जेवण. पूर्वी या घाईत डबा नेमका कोणत्या बॅगेत आहे, हेच सापडत नसे. सूर्य बुडत असताना वाळूवर बॅगा उपसण्याचा तो प्रसंग ज्यांनी अनुभवला, त्यांना तो पुरता आठवतो. यंदा खाण्याची एकच पिशवी होती. खाखरे तळाशी, संध्याकाळचा डबा वर, पाण्याचा जग बाहेरच्या कप्प्यात. यजमानीणबाईंनी पाच वाजता डबा भरून दिला. साडेपाचला सगळे किनाऱ्यावर जेवले, पाणी प्याले, पच्चक्खाण घेतले आणि मग स्वस्थपणे पश्चिमेकडे तोंड करून बसले.

कपड्यांबाबत कोकणची हवा लक्षात घ्यावी लागते. तेथे जाड टॉवेल आणि सुती जीन्स रात्रभरात वाळत नाही. पातळ पंचा वाळतो. समुद्रात जाण्याचा एकच जोड असावा, तो दोन्ही दिवस तोच घालावा, आणि ओल्या कपड्यांसाठी पाणी न झिरपणारी एक पिशवी घरूनच न्यावी. नाहीतर एका ओल्या टॉवेलपायी सगळी बॅग दमट होते. अंगावरची वाळू ओली असताना पुसण्याऐवजी सुकू दिली तर नुसती झटकून जाते. औषधे नेहमी हातातल्या पिशवीत ठेवावीत. उन्हात बंद उभ्या राहिलेल्या गाडीत इन्सुलिनसारखे औषध ठेवणे तर साफ चूक. साबण, टूथपेस्ट, टोपी विसरली तर चिंता नको. अलिबागलाही व्यापारीच राहतात आणि त्यांचीही विक्री व्हायला हवी.

दागिन्यांचा विषय मात्र हसण्यावारी नेण्याचा नाही. लक्ष्मीपूजनासाठी लॉकरमधून काढलेले सोने, सणाच्या सुट्ट्यांत बँक बंद असल्याने, घरात पडून असते. घर रिकामे ठेवून निघायचे म्हणून ते अंगावर घालून समुद्रावर नेले जाते. गार पाण्यात बोटे आकसतात, अंगठी सैल होते आणि लाट ती कधी घेऊन जाते ते कळतही नाही. यावर उपाय दिवाळीच्या आधीच करावा लागतो. पूजेपुरते आणि नित्य वापराचे तेवढेच बाहेर काढायचे, बाकीच्याला हातच लावायचा नाही. बँकेत जाण्याचा बेत करताना दुसरा आणि चौथा शनिवार १ सप्टेंबर २०१५ पासून सुट्टीचा आहे, हेही ध्यानात असावे. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्यांची लबाडी यांमुळे लॉकरमधील ऐवज गेला, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पट धरली जाते. भाडे ३,००० रुपये असेल तर ती ३ लाख होते. ही रक्कम अनेक घरांतील सोन्याच्या मानाने अपुरी आहे, हे खरे. पण वाळूत हरवलेल्या पाटलीला तेवढाही आधार नसतो.

राहिली भरती-ओहोटी. किनाऱ्यावरचे जुने लोक तिथीला तीनाने गुणून चाराने भागतात आणि भरतीची अंदाजी वेळ काढतात. तिथी पाळणाऱ्या घरांत हे गणित अवघड जाऊ नये. तृतीयेला उत्तर सव्वादोन येते, चतुर्थीला तीन. म्हणजे चतुर्थीच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास भरती आणि सकाळी नऊच्या आसपास ओहोटी. अलिबागचा कुलाबा किल्ला पायी पाहायचा असेल, तर ती वेळ साधावी लागते. हिशेब अंदाजाचाच असल्याने निघण्यापूर्वी किनाऱ्यावर विचारून घ्यावे आणि पाणी चढू लागण्यापूर्वी परतावे.

या कुटुंबाने चतुर्थीची सकाळ त्यासाठीच ठेवली होती. नवकारसी करून मंडळी नागावहून अलिबागला आली तेव्हा पाणी ओसरले होते. सहा जण ओल्या वाळूवरून किल्ल्याकडे चालत गेले. त्यांच्या हातात काहीच नव्हते. आजी किनाऱ्यावरच्या बाकावर बसली. तिच्या शेजारी चपलांचे सहा जोड आणि मांडीवर खाण्याची पिशवी होती. किल्ल्यातील गोड्या पाण्याची विहीर आणि गणपतीचे देऊळ पाहून मुले परत आली, तोवर शेजारी बसलेल्या रेवदंड्याच्या एका बाईंशी तिची चांगली ओळख झाली होती, आणि रोह्याच्या आपल्या माहेरची तीन नावे तिने जुळवूनही काढली होती.

दुपारी लवकर निघाल्यामुळे वडखळची कोंडी टळली. दुसऱ्या दिवशी ज्ञानपंचमी होती. आजीला देववंदनासाठी जायचे होते, मुलांना पेढी उघडायची होती. रात्री सुनेने वही काढून रकाने भरले. ‘लागले नाही’ या रकान्यात यंदा दोनच नोंदी झाल्या: एक छत्री आणि आजीची शाल. शालीवर काट मारण्यासाठी तिने पेन उचलले तेव्हा आजी म्हणाली, “ती राहू दे. समुद्रावरच्या वाऱ्याचा काय भरवसा? पुढच्या वर्षीही घे.”