पाचव्या गिअरचा मोह

जुनी जीप घेणाऱ्या माणसाला पहिला महिना बॉनेट, हॉर्न आणि गोल हेडलाइटचं कौतुक असतं. दुसऱ्या महिन्यात तो गिअरबॉक्सबद्दल तक्रार करायला लागतो. आणि तिसऱ्या महिन्यात ते वाक्य येतंच, 'यार, हिला एखादा फाइव्ह-स्पीड बसवला तर?'

माझा एक मित्र सध्या तिसऱ्या महिन्यात आहे. सोमवार ते शुक्रवार हिंजवडीत कोड लिहितो आणि वीकेण्डला जीपखाली लोळतो. गाडी १९७१ ची महिंद्रा सीजे-३बी. विलीजच्या नकाशावर बनलेली, ८० इंची व्हीलबेसची, उंच बॉनेटची. विशेष म्हणजे तिचं २.२ लिटरचं मूळ पेट्रोल इंजिन अजून जागेवर आहे. यातल्या बहुतेक भगिनींच्या पोटात कधीच डिझेल इंजिन गेलंय, त्यामुळे ही तशी दुर्मीळच.

आता दुखणं काय? तर टी-९० नावाचा तीन गिअरचा बॉक्स. पहिल्या गिअरला सिंक्रो नाही. सिग्नलला गाडी जरा हलत असताना पहिला टाकायला जाल तर असा करकराट होतो की शेजारचा रिक्षावालासुद्धा दयेनं बघतो. दुसरा गिअर उतारावर सटकतो, हे या बॉक्सचं जुनं व्यसन. आणि गिअरबॉक्सचं ऑइल ट्रान्सफर केसमध्ये हळूहळू स्थलांतर करतं, कधी उलटही. एकूण काय, घटस्फोटाला पुरेशी कारणं आहेत. मग सुरू होते स्थळं बघायची मोहीम: ज्या गाडीतून बॉक्स काढायचा त्या 'डोनर' गाडीचा शोध.

पण आधी गणित. माझ्या मते या विषयात कॅल्क्युलेटर स्पॅनरच्या आधी लागतो. मित्राच्या डिफरन्शिअलमध्ये पिनियनला ८ दात आणि क्राऊनला ४३, म्हणजे ५.३८ चं प्रमाण. टायर सुमारे २९ इंची. टॉप गिअर सरळ १ : १. हिशोब केला तर ताशी ८० ला इंजिन ३१०० आरपीएमवर फिरतं आणि शंभरला जवळजवळ ३९०० वर. या इंजिनाची पूर्ण ताकद ४००० ला येते. म्हणजे शंभरच्या स्पीडला बिचारं कायम शेवटच्या ओव्हरसारखं खेळत असतं. पाचवा गिअर ०.८ चा मिळाला तर ८० ला आरपीएम २५०० च्या खाली येतात. मोह पडणारच!

आता हेच गणित उलट्या टोकानं करा. टी-९० चा पहिला गिअर २.८, ट्रान्सफर केसचा लो २.४६ आणि डिफरन्शिअल ५.३८. गुणाकार ३७. लो-फर्स्टमध्ये १००० आरपीएमला जीप ताशी पावणेचार किलोमीटरनं चालते. बाजूनं चालणाऱ्या माणसाशी गप्पा मारता येतील, इतकी. अमेरिकेत जुन्या जीपा आणि पिकअप घेणारे लोक याच टोकाला बघतात. शेतावरच्या फोर्ड पिकअपमधला टी-१८ किंवा १९४७ ते १९६७ च्या जनरल मोटर्सच्या ट्रकमधला एसएम४२० हे त्यांचे लाडके डोनर. टी-१८ च्या एका आवृत्तीचा पहिला गिअर ६.३२ आहे, एसएम४२० चा ७.०५. टी-१८ लावला की तो ३७ चा गुणाकार ८३ च्या वर जातो, आणि खडकावर गाडी अक्षरशः सरपटते. त्यांना जोडायच्या तयार प्लेटही तिकडे विकत मिळतात. आपल्याकडे ती प्लेट म्हणजे लेथवाला. तो कितीही भला असला तरी बॉक्सचा मध्य इंजिनाच्या मध्यापासून ०.००५ इंचापेक्षा जास्त सरकला, तर बेअरिंग आणि क्लच दोघं तुमच्या पगारावर जगायला लागतात. त्याच्याकडे डायल गेज नसेल तर चहा पिऊन घरी या.

तर आपल्याकडची स्थळं.

पहिलं, क्वालिस. बॉक्स मजबूत, पाच गिअर, भंगारात सहज मिळतो. मित्र यावर फिदा होता. अडचण एवढीच की क्वालिस ही मागच्या चाकांवर चालणारी गाडी. तिच्या बॉक्सला लांब शेपटी आहे आणि ती संपते थेट मागच्या प्रॉपेलर शाफ्टपाशी. ट्रान्सफर केस लावायची कुठे? वेगळी मागे टांगायची तर ८० इंचांत जागाच उरत नाही. मागचा शाफ्ट आधीच दोन फुटांच्या आत आहे. बॉक्स चार इंच लांब झाला की शाफ्ट चार इंच आखूड होतो, त्याचा उतार वाढतो आणि युनिव्हर्सल जॉइंट चावायला लागतात. त्यात विलीजच्या या रचनेत मागच्या डिफरन्शिअलचा गोळा मध्यावर नसतो, उजवीकडे असतो, कारण ट्रान्सफर केसचं तोंडही उजवीकडे आहे. मधून निघणारा शाफ्ट त्याला तिरका भेटणार. असे बॉक्स बसवलेल्या जीपा मी पाहिल्यात. फोर-व्हीलची दांडी त्यात शोपुरती असते. दिसायला झकास, पण चिखलात मारुती आठशेच्या बरोबरीच्या.

दुसरं स्थळ, जिप्सी. हिला फोर-व्हील आहे आणि ट्रान्सफर केस मुळातच वेगळी. पण ती १.३ लिटरच्या इंजिनासाठी, शंभर न्यूटन मीटरच्या आसपासच्या टॉर्कसाठी बनलेली. आपलं म्हातारं इंजिन २००० आरपीएमलाच दीडशेच्या वर देतं. शिवाय शाफ्टसाठी जागेचा प्रश्न इथेही आहेच. विषय बंद.

तिसरं, एमएम ५४०. घरातलंच. चार गिअर, आणि मुख्य म्हणजे ही मुळातच फोर-व्हील जीप, त्यामुळे बॉक्स आणि ट्रान्सफर केस जोडीनं मिळतात. पाचवा गिअर नाही, हे खरं. ५४० ची व्हीलबेस लांब आहे, तेव्हा शाफ्ट मोजून नवा करावा लागेल. तिचं इंजिन प्यूजो डिझेल, म्हणून बेल हाउसिंगचा प्रश्न आपल्या पेट्रोलला राहतोच. पण ज्यांच्या जीपमध्ये आधीच ५४० चं डिझेल बसलंय, त्यांनी डोळे मिटून हाच सेट घ्यावा.

गॅरेजमधल्या मामांना मित्रानं विचारलं, 'मामा, क्रॉसमेंबर कापावा लागेल का?' मामा म्हणाले, 'साहेब, दोन इंच कापू, गॅसनं. कोणाला दिसतंय? आरसी बुकात गिअरबॉक्सचा नंबर थोडाच असतो!'

नंबर नसतो, हे बरोबर. पण क्रॉसमेंबर हा चॅसीचा भाग आहे, आणि इथे खरा पेच आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की उत्पादकानं दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत असे बदल गाडीत करता येत नाहीत. आणि २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी खासगी गाडी, चॅसी, बॉडी आणि इंजिन न बदललेली, तर 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबर प्लेट मिळते. नव्या नोंदणीची फी २० हजार. ती गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही, प्रदर्शन, रॅली अशा निमित्तानंच बाहेर काढायची. मित्राला आज ते नकोय, त्याला कोकणात उतरायचंय. पण मूळ इंजिनाची १९७१ ची जीप हा दरवाजा उघडा ठेवून बसली आहे, आणि गॅसची एक ज्योत तो बंद करू शकते. दोन इंच लोखंड परत वेल्ड करता येतं, 'न बदललेली' हा शब्द नाही.

आणखी एक गोष्ट कोणी बोलत नाही: ब्रेक. विलीजच्या मूळ रचनेत चारही चाकांना ९ इंची ड्रम आणि मास्टर सिलिंडर एकच. पाइप एक फुटला की सगळे ब्रेक गेले. पाचव्या गिअरनं शंभरला आरामात धावणारी ही जीप शंभरवरून थांबणार कशी, हे विचारल्यावर मित्र बराच वेळ चहाच्या ग्लासात बघत बसला.

माझा सल्ला मी त्याला दिलाय: मूळ टी-९० बाहेर काढ, बेअरिंग, सिंक्रो रिंग, दुसऱ्या गिअरचा जोड आणि सगळी सील नवी टाक, आणि डबल क्लच शीक. न्यूट्रलला क्लच सोडून जरा अॅक्सिलरेटर द्यायचा, मग गिअर टाकायचा. दोन रविवारांत जमतं. त्यानंतरही बदलायचाच असेल, तर जो काहीही न कापता बसेल तोच बॉक्स घ्यायचा.

त्याला सल्ला पटलाय, पण अर्धाच. त्यामुळे या रविवारी आम्ही कुर्ल्याच्या भंगार बाजारात ५४० चा सेट 'फक्त बघायला' जातोय. बॉक्सचं वरचं झाकण उघडून दात बघायचे, तळाच्या ऑइलमध्ये पितळेची चमक दिसली तर पुढच्या दुकानात. घेतलाच तर ट्रान्सफर केस, बेल हाउसिंग, माउंटिंग आणि दांड्या एकाच गाडीतल्या, एकाच वेळी. मोजपट्टी आणि टॉर्च मी घेतोय. जुनी चादर त्याच्या आईनं आधीच काढून ठेवली आहे.