कौतुकातला काटा

रॅप म्हणजे शिवीगाळ आणि धांगडधिंगा, असे आमच्या महाविद्यालयातील बहुतेक प्राध्यापकांचे मत आहे. मला ते मान्य नाही. १९७३ सालच्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात हे गाणे जन्मले. पडकी घरे, बेकारी आणि पोलिसांचा जाच यांनी ती वस्ती गांजलेली होती. वाद्य विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून तिथल्या पोरांनी रेकॉर्डच्या तबकडीलाच वाद्य केले. त्याच्या एक वर्ष आधी, १९७२ साली, मुंबईत 'दलित पँथर' उभी राहिली, ती अमेरिकेतील 'ब्लॅक पँथर'चे नाव घेऊन. तेव्हा तिकडच्या काळ्या वस्तीतून आलेला आवाज आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. मी तो मोबाईलवर ऐकते. निम्मा कळतो, निम्मा शब्दकोशातून काढते. या आवाजावर माझा जीव आहे, म्हणूनच त्यातली एक गोष्ट मला फार खटकते.

जे-झी हा ब्रुकलिनच्या 'मार्सी हाउसेस' या सरकारी चाळींत वाढलेला गायक. त्याचा '४:४४' हा अल्बम जून २०१७ मध्ये निघाला. त्यातल्या 'द स्टोरी ऑफ ओ. जे.' या गाण्यात तो आपल्या माणसांना चार गोष्टी सांगतो. पैसा उधळू नका, बाजारात पत कमवा, घरे-जागा घ्या. सल्ला सोन्यासारखा. पण दाखला काय देतो? अमेरिकेतली सगळी मालमत्ता ज्यूंच्या मालकीची का, ठाऊक आहे का? ती याच मार्गाने झाली, असे तो म्हणतो. यावर टीका झाली. ज्यूविरोधी प्रचाराशी झगडणाऱ्या 'अँटी डिफेमेशन लीग' या संस्थेनेही, त्याचा हेतू वाईट नसावा, पण जुन्या समजाला यातून खतपाणी मिळते, अशी चिंता व्यक्त केली. पुढच्याच वर्षी '२१ सॅव्हेज' या गायकाच्या गाण्यात 'ज्यू पैसा' आला. ती ओळ बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्सने कौतुकाने सर्वांना दाखवली, आणि बोभाटा झाल्यावर माफी मागताना तो म्हणाला की, मला तर ती स्तुती वाटली होती.

स्तुती! माझ्या मैत्रिणीही हेच म्हणाल्या. "अगं, हुशार म्हटलं, श्रीमंत म्हटलं, त्यात बिघडलं काय? आपल्याला कुणी म्हणेल तर पेढे वाटू."

बिघडले ते असे. अमेरिकेत ज्यूंची संख्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांनाही पोचत नाही. प्यू रिसर्च सेंटरने २०२० साली केलेल्या पाहणीत निम्म्या ज्यू कुटुंबांचे वार्षिक उत्पन्न एक लाख डॉलर वा त्याहून अधिक निघाले, हे खरे. इतर अमेरिकनांपेक्षा हे प्रमाण पुष्कळ जास्त आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण त्याच पाहणीत सुमारे चौथा हिस्सा ज्यूंनी सांगितले की, गेल्या वर्षभरात घरभाडे, औषधपाणी, किराणा यांपैकी कशाचे तरी पैसे भागवताना आमची ओढाताण झाली. ही माणसे जे-झीच्या गाण्यात कुठे बसतात? 'सगळी मालमत्ता' म्हटले की ती पुसलीच जातात. १९११ साली न्यूयॉर्कच्या 'ट्रँगल' शिलाई कारखान्याला आग लागली आणि १४६ जीव गेले. त्यांत बहुतेक पोरी ज्यू आणि इटालियन, आमच्याच वयाच्या. त्यांच्या वाट्याला कोणती मालमत्ता आली होती?

हा समज आला कोठून, हे पाहण्यासारखे आहे. मध्ययुगीन युरोपात ज्यूला बहुतेक ठिकाणी शेतजमीन घेता येत नसे, कारागिरांच्या संघांत शिरता येत नसे. ख्रिस्ती माणसाने व्याज घेणे पाप, असे चर्च सांगे. पण कर्जाची गरज तर राजापासून शेतकऱ्यापर्यंत सर्वांना. मग ते काम ज्यूंकडे ढकलले गेले. राजा त्यांच्याकडून कर पिळून घेई आणि कर्जदारांचा राग मात्र त्यांच्यावर निघे. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने १२७५ साली त्यांना व्याजाची बंदी केली आणि १२९० साली देशाबाहेरच काढले. शेक्सपिअरने 'द मर्चंट ऑफ व्हेनिस' लिहिले ते त्यानंतर तीनशे वर्षांनी. उघडपणे ज्यू म्हणून राहणारा समाज तेव्हा इंग्लंडात नव्हता, तरी शायलॉक होता! माणूस हाकलला तरी त्याच्याबद्दलचा समज घरातून जात नाही तो असा. आपल्याकडेही वृत्तपत्रांत सावकाराला 'शायलॉक' म्हणायची पद्धत आहे. लिहिणाऱ्याने आयुष्यात ज्यू पाहिलेला नसतो.

वास्तविक पाहता मराठी माणसाने तरी हे बोलू नये. कोकणातल्या बेने इस्रायलींना गावोगाव 'शनिवार तेली' म्हणत. तेलाचा घाणा हा त्यांचा धंदा, आणि शनिवारी तो बंद. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, दिव्याचे दिवेकर. इस्रायलला गेल्यावरही त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालवले. मुंबई-पुण्याचे ससून घराणे अतोनात श्रीमंत होते, तेही ज्यू. पण ते बगदादहून आलेले, आणि घाण्यावरच्या ज्यूशी त्यांची पंगत क्वचितच बसे. पैसा रक्तातच असता तर तो अलिबागेपर्यंत येताना वाटेत सांडला कसा?

आता जे-झीच्या बाजूनेही बोलले पाहिजे, कारण काळ्या माणसांचा अनुभव खोटा नव्हता. जेम्स बाल्डविन या कृष्णवर्णीय लेखकाने १९६७ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पुरवणीत यावर एक जळजळीत लेख लिहिला. हार्लेममध्ये आपण वाढलो तेव्हा घरमालक ज्यू होता, वाणी ज्यू होता, गहाण ठेवून घेणाराही ज्यू होता, हे त्याने आडपडदा न ठेवता सांगितले. पण काळा माणूस चिडतो ते त्याच्या गोरेपणावर, असे त्याचे म्हणणे. ज्यू तिथे दाराशी भाडे मागायला येणारा गोरा होता. बँका आणि नगरपालिका चालवणारे गोरे त्या गल्लीत कधी दिसतच नसत. सरकारी यंत्रणेने १९३० नंतरच्या दशकात नकाशांवर काळ्या वस्त्यांभोवती लाल रंग फासला, म्हणजे तिथे घरासाठी कर्ज देणे धोक्याचे. घर काळ्यांना विकू नये अशी अट खरेदीखतात असे, आणि कित्येक खतांत ज्यूंनाही विकू नये असे लिहिलेले असे. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, अशा अटी कोणत्याही कोर्टाने अमलात आणू नयेत. पुढे ज्यूंसाठी उपनगरांची दारे हळूहळू उघडली. काळ्यांसाठी १९६८ चा कायदा होईपर्यंत, आणि त्यानंतरही, ती नीट उघडली नाहीत. घरे कोणाला मिळाली आणि कोणाला नाही, याचे उत्तर या कागदांत आहे. जे-झीने ते एका जमातीच्या हुशारीत शोधले, आणि त्यामुळे न कळत आपल्याच माणसांना म्हटले की, तुम्ही मागे राहिलात कारण तुम्हाला अक्कल नव्हती. हा माझा खरा राग आहे.

आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. आजोबांची दीड एकर जमीन कर्जापायी गेली. आमच्याकडे सावकार म्हटले की लोक 'मारवाडी' म्हणून मोकळे होतात. पण आजोबांचा अंगठा घेणारा ना मारवाडी होता ना गुजर. तो आमच्या भावकीतला होता. सणाला पुरणपोळी खायला आमच्याच ओटीवर बसायचा आणि दरमहा शेकडा पाचने व्याज मोजून घ्यायचा. १८७५ साली सुप्याला दंगा झाला तेव्हा शेतकऱ्यांनी मारवाडी-गुजर सावकारांची खते जाळली. (गंमत अशी की त्यामागेही अमेरिका होती: तिथले यादवी युद्ध संपले आणि आमच्या कापसाचा चढलेला भाव कोसळला.) रोख सारा मागणारे सरकार आणि जप्ती आणणारे कोर्ट दूर होते. वही घेऊन बसलेला सावकार जवळ होता. हार्लेमच्या घरमालकाबद्दल वाचताना मला सुपे आठवले ते उगाच नव्हे.

पण त्या सावकाराचे खोटे हिशेब उघड करायचे तर हिशेबच वाचावे लागतात. आईस क्यूबने १९९१ साली आपल्या जुन्या मॅनेजरवर गाणे केले. पैशांत फसवले, ही त्याची तक्रार. ती खरी असेल तर करारनामा काढावा, आकडे सांगावेत. त्याने त्या माणसाचा धर्म काढला. २०२२ साली कान्ये वेस्टने तेच केले, फार विषारी रीतीने, आणि ऑक्टोबरात आदिदास कंपनीने त्याच्याशी संबंध तोडले. अशा उघड द्वेषाला निदान लोक ओळखतात. जे-झीची ओळ मात्र पोरे पाठ करतात आणि शहाणपण म्हणून एकमेकांना ऐकवतात. आज ज्याला 'सगळे त्यांच्याकडेच आहे' म्हणून वाखाणले, त्यालाच उद्या 'सगळे त्यांनीच खाल्ले' म्हणायला शब्दही बदलावे लागत नाहीत.

कोणी म्हणेल, रॅपमध्ये अतिशयोक्ती असतेच, तू कशाला काथ्याकूट करतेस? पण पोलिसांच्या जुलमाबद्दल रॅपवाले बोलतात तेव्हा आपण ते खरे मानतो, पुरावा म्हणून सांगतो. एका ओळीला साक्ष मानायचे आणि पुढच्या ओळीला थट्टा, हे मला जमत नाही. जे-झीचे ते गाणे अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे. पत कमवा हा सल्ला मी धाकट्या भावालाही ऐकवला आहे. दाखला मात्र मी माझा देते, त्या दीड एकराचा.