भंगारात देण्याआधी मापं घ्या

मोटारींची स्केल मॉडेल्स करणारे लोक बंगळुरूत बरेच आहेत. आयटीतली मुलं, निवृत्त इंजिनिअर, आमच्या मेसमधलेही दोघे-तिघे. हात चांगले आहेत सगळ्यांचे. पण त्यांची कपाटं बघितली की मला एक प्रश्न पडतो. मस्टँग, पोर्श, मिनी कूपर, फार तर एखादी जपानी स्कायलाइन. ज्या गाडीत कधी बसलो नाही, जिचं दार लावल्यावर कसा आवाज येतो हे ठाऊक नाही, ती आपण तीन-तीन महिने पॉलिश पेपरने घासत बसतो. असं मॉडेल माझ्या मते खोक्यावरच्या चित्राचं मॉडेल असतं, गाडीचं नव्हे. मित्र यावर चिडतात. चिडू देत.

कारण उघड आहे. ज्याचं किट मिळतं त्याचंच मॉडेल होतं, आणि किट जपान, अमेरिका, युरोपातून येतात. तिकडे ज्या गाड्यांवर लोकांचं प्रेम, त्यांचीच मापं घेतली जातात. मला प्रीमियर पद्मिनी हवी होती. तीही चकचकीत नव्हे, मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी. बाजारात तिचं प्लास्टिकचं किट काही मला सापडलं नाही. म्हणून या पोस्टिंगवर आल्यापासून संध्याकाळी कोऱ्या स्टायरीन शीटवर ती उभी करतोय.

बंगळुरूत बसून मुंबईची टॅक्सी कशाला, असं विचारणाऱ्यांना मी वालचंद हिराचंदांचं नाव सांगतो. सोलापूरचा हा माणूस. मोटारीच्या कारखान्याची योजना मूळ विश्वेश्वरय्यांची, १९३० च्या दशकातली. वालचंदांनी ती उचलून धरली. म्हैसूर संस्थानाच्या मदतीने डिसेंबर १९४० मध्ये त्यांनी इथे, बंगलोरला, हिंदुस्तान एअरक्राफ्ट काढली. १९४२ मध्ये सरकारने त्यांचा वाटा विकत घेतला आणि पुढे त्याचीच एचएएल झाली. मोटारीसाठी १९४४ ला प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली आणि कारखाना मुंबईला, कुर्ल्यात गेला. म्हणजे विमान इकडे आणि गाडी तिकडे, पण घर एकच. जुन्या विमानतळ रस्त्यावरच्या एचएएलच्या संग्रहालयात जाऊन या. मारुत विमान कसं उभं आहे बघा, भोवती फिरून प्रत्येक रिव्हेट मोजता येतो. त्या घरातल्या दुसऱ्या लेकराच्या वाट्याला असं काही आलं नाही.

पन्नाशीच्या दशकातली ती डुक्कर फियाट (हे नाव आपल्या लोकांनीच ठेवलेलं, आणि चपखल ठेवलेलं), १९६४ ची डिलाइट, मग प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी. इंजिन १०८९ सीसी. चारही चाकांना ड्रम ब्रेक. गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर, ज्याला टॅक्सीवाले हँड गिअर म्हणत. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची, ताडदेव आरटीओची. टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षं. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर एकही कायदेशीर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. निदान एक तरी गाडी सरकारने जपून ठेवावी, अशी मागणी टॅक्सीवाल्यांच्या संघटनेने केली होती. तिचं काही झालं नाही.

वीस वर्षांच्या नियमावर माझा राग नाही. धूर आणि ब्रेक या दोन गोष्टींवर भावनेने बोलू नये, आणि घाटात तापलेल्या पद्मिनीच्या बॉनेटवर पाणी ओतत मीही लहानपणी उभा राहिलोय. गाड्या जायलाच हव्या होत्या. माझं म्हणणं एवढंच की जाण्यापूर्वी कुणीतरी त्यांची मापं घ्यायला हवी होती.

मापं म्हणजे काय, ते मला हे मॉडेल करताना नीट कळलं. माहितीपत्रकातले आकडे चारच असतात: लांबी ३९०५ मिमी, रुंदी १४६०, उंची १४६८, दोन चाकांमधलं अंतर २३४०. चोवीसने भागा: लांबी साधारण १६३ मिमी, रुंदी ६१, चाकांमधलं अंतर साडेसत्त्याण्णव. या आकड्यांतून एक खोकं तयार होतं, फियाट नाही. फियाट आहे ती छपराच्या मागच्या उतारात, मागच्या मडगार्डवरच्या त्या छोट्याशा शेपटीत, बॉनेटच्या कडेला पडणाऱ्या सावलीत. त्याचे आकडे कुठेही छापलेले नाहीत.

बसवनगुडीत एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांकडे पांढरी पद्मिनी आहे, अजून रविवारी बाहेर काढतात. त्यांनी दोन रविवार मला मापं घेऊ दिली. बाई आतून फिल्टर कॉफी पाठवत राहिल्या. साधनं आपली गावठी: ओळंबा, गुण्या, सुतळी, पुठ्ठा. पुठ्ठा गाडीच्या वळणाला लावून थोडा थोडा कापत जायचं, फट उरली नाही की त्यावर तारीख आणि जागा लिहून ठेवायची. असे एकतीस पुठ्ठे झाले. फोटो जवळून काढायचे नाहीत. जवळून काढलेल्या फोटोत पुढचा दिवा फुगतो आणि मागचा भाग आक्रसतो. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन लांबच्या लेन्सने काढायचे, म्हणजे बाजू खरी दिसते. टेहळणी शिकलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

मग शिसवीचा साचा कोरला, त्यावर शीट गरम करून घरातल्याच व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घेतली. सौभाग्यवतींनी त्या दिवशी घर हातानेच झाडलं, त्याबद्दल इथे जाहीर आभार. काचा मिठाईच्या डब्याच्या पारदर्शक झाकणाच्या. बारीक ड्रिल आणि तारा एसपी रोडवर मिळाल्या. त्या रस्त्यावर मागितलेली वस्तू मिळत नाही असं सहसा होत नाही, फक्त गाडी घेऊन जाऊ नका.

रंगाचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण बहुतेक मॉडेल्स तिथेच खेळणी होतात. दाराची फट खऱ्या गाडीत ५ मिमी असेल तर इथे ती ०.२ मिमी. ब्रशने दिलेला थर ०.१ मिमी जाड झाला, तर खऱ्या गाडीवर तो जवळजवळ अडीच मिलिमीटरचा लेप. फट बुजणारच. म्हणून एअरब्रश, आणि पातळ पातळ हात. दुसरं म्हणजे काळा रंग. डबीतला पक्का काळा या आकारावर शाईसारखा दिसतो, गाडीची वळणंच गिळून टाकतो. लांबून दिसणाऱ्या खऱ्या वस्तूचा रंग हवेमुळे फिकट होतो, आणि मॉडेल म्हणजे लांबून पाहिलेली वस्तूच. त्यामुळे काळ्यात थोडा राखाडी आणि कणभर तपकिरी घालावा लागतो. छपराच्या पिवळ्यातही थोडा पांढरा. आणि पावसाळ्यात लॅकर मारू नका. बंगळुरूची जूनची हवा त्यावर दुधासारखी साय आणते.

आता खरा मुद्दा. या छंदात एक स्पर्धा चालते: कोणी किती बारीक काम केलं. बॅटरीच्या वायरी, सीट बेल्टची बकलं, स्पीडोमीटरवरचे आकडे. बारकावा म्हणजे गुण, असं सगळे धरून चालतात. मला हे पटत नाही, आणि याचं कारण फौजेत आहे. अकादमीत आम्हाला पहिल्यांदा सँड मॉडेलवर ब्रीफिंग द्यायला लावलं, तेव्हा एका कोर्समेटने गावातली देवळं, झाडं, विहिरीवरचा रहाटसुद्धा केला होता. इन्स्ट्रक्टरने एकच विचारलं, नाला किती खोल आहे? नाल्याचं मॉडेलवर नुसतं निळं चॉक होतं. पलटणीला त्या नाल्यातून रात्री जायचं होतं. सँड मॉडेलवर काय दाखवायचं ते त्या जमिनीवर चालणारा माणूस ठरवतो. मोटारीच्या मॉडेलवर काय दाखवायचं, तेही ती गाडी वापरणाऱ्या माणसाला विचारून ठरवावं.

माझं नशीब असं की असा माणूस मला युनिटमध्येच भेटला. आमचे एक सुभेदार साहेब पाटण तालुक्यातले. वडील मुंबईत एकतीस वर्षं टॅक्सी चालवत होते, आता गावी असतात, नजर जवळपास गेलेली. सुभेदार साहेब कशाच्या तरी सहीसाठी क्वार्टरवर आले, टेबलावर राखाडी प्रायमरमधली गाडी बघितली आणि सही विसरले.

“साहेब, फियाट?”

“टॅक्सी करायचीय, साहेब. काय काय हवं ते तुम्ही सांगा.”

“मी काय सांगणार? बाबांस्नी विचारतो.”

त्याच रात्री गावी फोन लागला. म्हाताऱ्यांनी जे सांगितलं त्यातलं जवळजवळ काहीच बँक अधिकाऱ्यांच्या पांढऱ्या गाडीत नव्हतं. मीटर बाहेर, डाव्या अंगाला, लोखंडी पट्टीवर. तो पाडायला डावीकडे वाकून खिडकीतून हात बाहेर काढावा लागे, म्हणून डावी काच कायम खाली आणि तिथलं रबर फाटलेलं. सीएनजीची टाकी डिकीत बसल्यावर सामान कायमचं छपरावर गेलं, तेव्हा कॅरिअरला नायलॉनची दोरी गुंडाळलेली हवीच, आणि कॅरिअरच्या पायांखाली पिवळा रंग उडालेला. पुढच्या सीटवर सुनेने शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर. आरशाला काही लटकवलेलं नको, “त्याचा डोळ्याला तरास हुतो.” देवाचा फोटो डॅशबोर्डवर, पाटणकडे तोंड करून. या शेवटच्यावर सुभेदार साहेब हसले, मी मात्र लिहून घेतलं.

आणि कोपर. उजव्या दाराच्या खिडकीच्या कडेला जिथे ड्रायव्हरचा कोपर टेकतो, तिथला काळा रंग जाऊन खालचं लोखंड दिसत असे. पावसाळ्यापूर्वी ते दर वर्षी तिथे हाताने रंग लावत, दिवाळीपर्यंत तो पुन्हा गेलेला असे. माझ्या मॉडेलवर ही जागा जेमतेम आठ मिलिमीटर लांब आहे. आधी स्टीलचा रंग, त्यावर संरक्षक थर, त्यावर काळा, आणि मग ओल्या ब्रशने काळा हळूहळू खरवडायचा. सगळी मिळून वीस मिनिटं. आख्ख्या गाडीत टॅक्सी कुठे आहे असं मला कुणी विचारलं, तर मी त्या आठ मिलिमीटरवर बोट ठेवीन. ते माहितीपत्रकात नसतं, संग्रहालयासाठी पुन्हा रंगवलेल्या गाडीत तर नसतंच. रिस्टोरेशनच्या नावाखाली आपण पहिली गोष्ट काय करतो? तीस वर्षांच्या माणसाची खूण घासून काढतो आणि वर चकचकीत लॅकर मारतो.

हे सगळं मी माजी सैनिकांसाठीही लिहितोय, कारण आपलं वागणं काही फार वेगळं नाही. रणगाडा आपण जपतो. प्रत्येक छावणीच्या फाटकावर एखादा उभा असतो, दर वर्षी रंगतो. पण शक्तिमान? १९५९ पासून जबलपूरला तयार झालेला तो तीन टनी, ज्याच्या मागच्या फळीवर बसून आपल्यातल्या अर्ध्यांनी पहिली पोस्टिंग गाठली? निसानच्या परवान्यावर केलेली जोंगा, जिचं नावच जबलपूरच्या कारखान्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचं आहे? या गाड्यांवर बीईआरचा शेरा पडला, म्हणजे दुरुस्ती परवडत नाही असं ठरलं, की लिलाव, आणि मग कुणाच्या तरी शेतावर किंवा भट्टीत. काही जोंगा हौशी लोकांनी घेतल्या, त्यांना रुंद टायर आणि नारिंगी रंग दिला. त्यांच्या पैशाची वस्तू, बोलणारा मी कोण. पण अशा जोंगावरून मूळ जोंगा कशी होती ते आणखी वीस वर्षांनी कुणाला सांगता येणार नाही.

प्रत्येक गाडी ठेवायला जागा नाही, हे मला मान्य आहे. पण एक गाडी मोजायला दोन रविवार, दोन माणसं आणि रद्दी पुठ्ठा लागतो. लिलावाच्या आधी वर्कशॉपमध्ये गाडी आठवडाभर उभीच असते. तिथल्या पोरांना हे काम दिलं तर ते खूश होतील, मी त्यांना ओळखतो. सोबत गाडीच्या जुन्या ड्रायव्हरला बोलवावं आणि त्याला विचारावं की हात कुठे टेकायचा, काय नेहमी तुटायचं, पाण्याची बाटली कुठे ठेवायचास.

माझं मॉडेल अजून पुरं नाही. चाकं झाली, रंग झाला, दोरी झाली (सुईतला काळा दोरा मेणात बुडवून). अडलंय ते मीटरच्या पट्टीवर. ती गॅरेजवाले हाताने वाकवून बसवत, त्यामुळे बसवनगुडीची गाडी इथे उपयोगाची नाही, आणि फोटोत ती नेमकी मीटरच्या मागे जाते. तुमच्यापैकी कुणाच्या घरी, गोठ्यात, माळ्यावर जुन्या टॅक्सीचं यांत्रिक मीटर पट्टीसकट पडलं असेल तर तीन मापं कळवा: पट्टीची रुंदी, जाडी, आणि बोल्टच्या दोन भोकांमधलं अंतर. फूटपट्टी शेजारी ठेवून फोटो काढलात तर फारच उत्तम. जोंगाचं माप कुणाकडे असेल तर तेही पाठवा, पुठ्ठे अजून बरेच शिल्लक आहेत.