उजनीच्या पाण्यात भीमेचा वाटा किती?

मंडळी, उजनी ११७ टीएमसीचं धरण. त्यातला ६३ टीएमसी मृतसाठा बाजूला ठेवला तरी उरतं ते थोडंथोडकं नाही. कालवा सल्लागार समितीची बैठक झाली की आम्ही बातमी देतो: डाव्या कालव्याला इतकं, उजव्याला इतकं, बोगद्याला इतकं. 'नदीसाठी इतकं' ही ओळ लिहायची वेळ माझ्यावर आजवर आलेली नाही.

कुणी म्हणेल, नदीत सोडतात ते काय मग? सोडतात की! सोलापूरला प्यायला, आषाढीत वारकऱ्यांच्या स्नानाला, आणि धरण भरलं की नाइलाजाने. म्हणजे भीमा ही नदी नाही, सोलापूरकडे जाणारा उघडा पाइप आहे. आवर्तन सुरू असताना पात्र भरून वाहतं, दार बंद झालं की थोड्याच दिवसांत डबकी. त्या डबक्यांत मासे अडकतात, पाणी तापतं, मासे मरतात. पावसाच्या पहिल्या लोंढ्याला मासे अंडी घालायला वर चढतात, नेमकं तेव्हा धरण पाणी अडवून बसलेलं.

अधिकारी म्हणतात, बारीक धार सोडली तर वाटेतल्या मोटारी आणि बंधारेच ती पिऊन टाकतील. खरंय. ऊस वाळवा असं मीही म्हणत नाही (माझेच नातेवाईक मला गावात येऊ देणार नाहीत). पण आवर्तन संपवताना दार एकदम न पाडता चार-पाच दिवसांत हळूहळू उतरवायला काय हरकत आहे? बंधाऱ्यांचे दोन-चार बर्गे काढून पाणी पुढे जाऊ द्यायला? चांगल्या पावसाच्या वर्षी पहिला एक लोंढा खाली सोडायला?

गंगेसाठी केंद्राने ऑक्टोबर २०१८ मध्ये अधिसूचना काढली. हरिद्वारपर्यंत हिवाळ्यात सरासरी प्रवाहाच्या २० टक्के आणि पावसाळ्यात ३० टक्के पाणी नदीत ठेवायचंच. चंद्रभागेच्या नावाने मतं मागणाऱ्यांनी तिच्यासाठी असा कागद मागितलाय का?

आता खरी भीती. आजवर सोलापूरच्या एकेका आवर्तनाला ५-६ टीएमसी सोडावं लागायचं, त्या निमित्ताने तरी नदी ओली व्हायची. समांतर जलवाहिनीने शहराचं पाणी पाइपातून गेलं की हे पाणी 'वाचणार'. त्यावर आत्ताच सगळ्यांचा डोळा आहे. त्यातलं निदान १ टीएमसी भीमेच्या नावावर लेखी ठेवा, एवढीच मागणी आहे. पुढच्या बैठकीआधी आपापल्या आमदारांना हे विचारा, आणि काय उत्तर मिळालं ते खाली लिहा. बातमी मी करतो.