घरीं परतलेला वादक

घर सोडून गेलेला मनुष्य बारातेरा वर्षांनीं उंबरठ्यावर येऊन उभा राहिला, तर त्यास कसें घ्यावें, हा प्रश्न आमच्या वाचकांस नवा नाहीं. एकत्र कुटुंबांत तो पिढ्यान्‌पिढ्या पडत आला आहे. या खेपेस तो आम्हांस अगदीं अनपेक्षित ठिकाणीं, अमेरिकेंतील एका वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रिकेंत, भेटला.

'ड्रीम थिएटर' हें त्या वाद्यवृंदाचें नांव. बॉस्टन येथील बर्कली संगीत महाविद्यालयांत शिकणाऱ्या जॉन पेट्रूची, जॉन म्युंग व माइक पोर्टनॉय या तिघांनीं तो १९८५ सालीं स्थापिला. पुढें या तिघांचे विवाहहि एकाच महिला-वाद्यवृंदांतील तिघींशीं झाले, तेव्हां मंडळी जवळजवळ कुटुंबच बनली.

यांच्या संगीतास 'प्रोग्रेसिव्ह मेटल' म्हणतात. मेटल म्हणजे विजेच्या गिटारींचा व ड्रम्सचा दणदणीत घोष. त्यांत या मंडळींनीं दीर्घ रचना, बदलते ताल व कसलेलें वादन आणिलें. सात मात्रांचें आवर्तन चालूं असतां मध्येंच नऊंचें सुरू होतें, तरी कोणी चुकत नाहीं. वडीलधाऱ्या वाचकांस हा गोंगाट वाटेल. आम्हांसहि प्रथम वाटला. मात्रा मोजूं लागलों, तेव्हां कान बसला.

२०१० सालीं सर्वांनीं कांहीं काळ विश्रांति घ्यावी, असें पोर्टनॉय यांनीं सुचविलें. इतरांस तें पटलें नाहीं, व ते बाहेर पडले. त्यांच्या जागीं माइक मँजिनी आले. पांच ध्वनिमुद्रिका त्यांच्या वादनानें सजल्या. मंडळींस पहिलें ग्रॅमी पारितोषिक मिळालें, तेंहि त्यांच्याच काळांत, २०२२ सालीं, 'दि एलियन' या रचनेस. तरी कित्येक जुने श्रोते हळहळतच राहिले.

समेट एका दिवसांत झाला नाहीं. २०२० सालीं पेट्रूची यांनीं स्वतःच्या नांवावर जी ध्वनिमुद्रिका काढली, तींत ड्रम्स पोर्टनॉय यांनींच वाजविले. आधीं शेजारीं बसून काम झालें, मग घराचें दार उघडलें. ऑक्टोबर २०२३ मध्यें ते परतल्याचें जाहीर झालें, आणि ७ फेब्रुवारी २०२५ रोजीं 'पॅरासोम्निया' ही मंडळींची सोळावी ध्वनिमुद्रिका निघाली.

निद्रेचे विकार हा तिचा विषय. झोपेंत दचकून ओरडणें, झोपेंत चालणें, जाग असूनहि हातपाय न हलणें, अशा अवस्थांवर आठ रचना आहेत. पहिलींत शब्दच नाहींत. शेवटची एकोणीस मिनिटांहून अधिक चालते. 'बेंड द क्लॉक' ही संथ रचना आम्हांस विशेष आवडली. तिच्या अखेरीस पेट्रूची यांची गिटार दीर्घकाळ गात राहते. एकंदर ध्वनि जड व काळोखा आहे, परंतु ताल व गिटार एकमेकांस पुन्हां प्रश्न विचारूं लागले आहेत. जुनें तेज परतलें, असें आमचें स्पष्ट मत आहे. दोष नाहींत असें नाहीं. 'मिडनाइट मेसाया' या गाण्यांत स्वतःच्याच जुन्या गाण्यांचे उल्लेख पेरले आहेत. जाणत्यास त्यांत गंमत वाटेल, नवख्यास मात्र परक्या घरांतील हास्यविनोद ऐकल्यासारखें होईल.

परंतु या आनंदांत एक गोष्ट विसरूं नये. थोरला परतला म्हणजे सारें घर हर्षतें. मधल्या वर्षांत ज्यानें दिवाबत्ती सांभाळली, त्याची आठवण किती जण ठेवतात? मँजिनी यांनीं जातांना, हा निर्णय आपणांस समजतो, असें जाहीरपणें सांगितलें. पोर्टनॉय यांच्या साऱ्या भूमिका भरून काढणें हें आपलें काम नव्हतें. मंडळींचें कार्य चालूं राहावें म्हणून ड्रम्स वाजविणें, हें होतें, असा त्यांच्या निवेदनाचा आशय होता. तें वाचून आम्हीं 'दि एलियन' पुन्हां एकदां लावली. 'पॅरासोम्निया' ऐकणाऱ्या तरुण वाचकांनींहि तसें करावें, अशी आमची सूचना आहे. परतणाऱ्यास जें घर उभें सांपडलें, तें कोणीं उभें ठेविलें होतें, हें त्यावरून कळेल.